सात नंबरचं बटण

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याला सगळे बिनचूक म्हणायचे. हे नाव कौतुकाने ठेवलं होतं की चिडवायला, ते आता ठेवणाऱ्यालाही आठवत नसेल. पण सव्वीस वर्षं घरोघर फिरून पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेताना त्याच्या हातून एक आकडा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि ही गोष्ट, विषय निघो न निघो, तो स्वतःच सांगायचा. आठाचा तीन वाचणाऱ्या नव्या मंडळींकडे तो अशा नजरेने बघायचा, जणू त्यांनी त्याच्याच खिशात हात घातला आहे. माणूस तसा वाईट नव्हता. फक्त आपल्या नावाच्या प्रेमात पडला होता, आणि त्या प्रेमापायी आपण काय काय झाकून ठेवतो आहोत याचा त्याने कधी नीट विचार केला नव्हता.

त्याच्या कमरेला एक यंत्र असायचं. राखाडी, जाडजूड, वर बारीकसा पडदा आणि खाली रबरी बटणं. सगळे त्याला वीट म्हणायचे. मीटरसमोर उभं राहायचं, घराचा क्रमांक दाबायचा, आकडा दाबायचा, की विटेच्या पोटातून कुरकुरत एक चिटोरं बाहेर यायचं. मीटर बघायला मिळालंच नाही, तर तसं का, ते सांगायला एक ते नऊ अशी बटणं होती. चार म्हणजे मीटरची काच धुरकटलेली. पाच म्हणजे मीटरपुढे सामान रचलेलं. सात म्हणजे दार बंद.

हा सात कचेरीत इतका मुरला होता की बोलण्यातही आला. कुणी डबा आणला नाही की "आज जेवणाला सात". कुणी एखाद्याच्या लग्नाला गेलं नाही की "आम्ही बुवा सात मारला". बिनचूकच्या बायकोलाही ती सवय लागली होती. तो बाजारातून रिकाम्या हाताने आला की ती म्हणायची, "भाजीला सात मारलात वाटतं?" आणि तो हसायचा. गेली तीन वर्षं मात्र त्याचं हे हसू अर्ध्यावर अडकत होतं. तिच्या ते लक्षात आलं नसावं, असं त्याला वाटायचं. बायकोच्या लक्षात काय आलेलं असतं, हे नवऱ्याला नेहमी सगळ्यात शेवटी कळतं.

एका सोमवारी साहेबांनी सगळ्या मीटर रीडरना बोलावलं आणि टेबलावर एक खोका उघडला. आतून तळहाताएवढं, सपाट, काळ्या काचेचं यंत्र निघालं.

"खिशात मावेल असा हा अख्खा संगणक आहे," साहेब म्हणाले. "मीटरचा फोटो काढायचा, आकडा तोच वाचतो. तुम्ही कुठल्या घरात, कितव्या मजल्यावर उभे आहात, तेही त्याला कळतं."

"आणि दार बंद असेल तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर दाराजवळ जाऊन बंद दाराचा फोटो काढायचा. त्याशिवाय ते कारण घेतच नाही."

"म्हणजे सात नंबर वारला म्हणा की!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. बिनचूकही हसला. जरा उशिराने हसला, इतकंच.

साहेबांनी यंत्र त्याच्याच हातात ठेवलं. "वरून सक्ती नाही. ही नवी काच घ्यायची की वीटच चालू ठेवायची, ते आपल्या विभागाने ठरवायचंय. तुम्ही आठवडाभर वापरा आणि शनिवारी सांगा. तुम्ही म्हणाल ते नक्की."

बाहेर जिन्यात त्याला वादळने गाठलं. वादळ म्हणजे कचेरीतली सगळ्यात तरुण रीडर, बोलणं आणि चालणं दोन्ही धावतपळत. जुन्या इमारतींच्या ओलसर तळघरांचा भाग तिच्याकडे होता. तिथल्या दमटपणाने तिची वीट दोनदा बंद पडली होती आणि आठवडाभराची रीडिंगं पुसली गेली होती. सगळा रस्ता तिने पुन्हा घेतला, वर निष्काळजी म्हणून बोलणीही खाल्ली.

"काका, हो म्हणा हं," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा पुसलं गेलं ना, तर मी ती वीट साहेबांच्या डोक्यात घालीन."

"बघू. वापरून तर बघू आधी," तो म्हणाला.

वापरायच्या आधीच त्याचं ठरलं होतं. घरी पोचेपर्यंत नाही म्हणायची कारणं तयार झाली, आणि चहा पिता पिता त्याने ती एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहूनही काढली. उन्हात पडदा दिसत नाही. ओल्या बोटांनी चालत नाही. हातातून पडलं तर फुटेल. कारणं सगळी खरी होती. खरी कारणं जमवून खोटं काम करायचं, ही कला त्याला कुणी शिकवली नव्हती.

आता ते खोटं काम कुठलं, ते सांगायला हवं.

त्याच्या वाट्याच्या घरांत टपालकचेरीच्या मागे एक पाच मजली इमारत होती. लिफ्ट नाही. चार मजल्यांपर्यंत दगडी जिना, आणि तिथून वर गच्चीलगतच्या एकुलत्या एका घराकडे जाणारा लोखंडी जिना, अरुंद आणि उभा. अठरा पायऱ्या. प्रत्येक महिन्याचा दुसरा गुरुवार हा त्या इमारतीचा दिवस.

तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा गुडघा सुजला. कचेरीत सांगितलं असतं तर त्याला मागच्या खोलीत टेबलाशी बसवलं असतं, पाकिटं चिकटवायला. बिनचूक टेबलावर बसला, हे वाक्य त्याला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून तो लंगडत लंगडत चार मजले चढला, लोखंडी जिन्याखाली उभा राहिला, वर बघितलं, आणि सात दाबला. या एका खेपेपुरतं, असं मनाशी म्हणाला. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच म्हणाला.

पाच महिन्यांत औषधाने नि शेकाने गुडघा बरा झाला. तोवर चौथ्या मजल्यावर आलं की अंगठा आपोआप सातवर जायला लागला होता. आणि एकदा पाच महिने सात मारल्यावर सहाव्या महिन्यात खरा आकडा कुठल्या तोंडाने लिहायचा? मधल्या महिन्यांचं कुणी विचारलं तर? मग सातच बरा. असे तीन वर्षांत छत्तीस सात झाले. मागचे आकडे बघून वीट स्वतःच सरासरी काढायची आणि पुढे सरकायची. तिला काय त्याचं.

लागोपाठ तिसऱ्या सातापासून मात्र वीट दर वेळी एक छापील चिठ्ठी काढायची. "आमचा कर्मचारी आपल्या दारी येऊन गेला. घंटा वाजवूनही दार उघडले गेले नाही. पुढील खेपेस कृपया घरी हजर राहावे." ही चिठ्ठी घडी करून खालच्या टपालपेटीत टाकायचं काम अर्थात बिनचूकचंच होतं. अशा चौतीस चिठ्ठ्या त्याने स्वतःच्या हाताने टाकल्या. वर राहणारं माणूस सतत बाहेरगावी असणार, असं त्याने ठरवून टाकलं होतं. कुणीतरी फिरतीच्या नोकरीवरचा, सडाफटिंग. तशाला चिठ्ठ्यांचं काय सोयरसुतक!

गुरुवार आला. काच खिशात घेऊन बिनचूकने चार मजले केले. फोटो काढायला काच झटपट होती, आणि हे त्याला आवडलं नाही. चौथ्या मजल्यावर तो थांबला. काचेवर पाचव्या मजल्याच्या घराचा क्रमांक लाल रंगात लुकलुकत होता. त्याने बरीच बटणं चाचपून पाहिली. काच ढिम्म हलेना. तेव्हा तो कठडा धरून वर चढायला लागला. वर दार बंद असणार, आपण त्याचा फोटो काढणार, म्हणजे निदान आजचा सात तरी खरा होईल, एवढीच त्याची आशा होती.

दार सताड उघडं होतं. उंबऱ्यातच एक लाकडी खुर्ची होती, आणि खुर्चीत सत्तरीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या, मांडीवर मनगटी घड्याळ ठेवून. त्याचं डोकं जिन्यातून वर येताच त्या उठल्या.

"आलात! ऐकू आलं मला!" त्या म्हणाल्या. "पावलं ऐकू आली. आज नाही चुकले मी!"

बिनचूक वरच्या पायरीवरच थांबला.

"या, आत या. आधी पाणी घ्या. किती चढून आलात!" बाईंनी खुर्ची बाजूला केली. "फार लाज वाटते हो मला. दर महिन्याला तुम्ही पाच मजले चढून यायचं, घंटा वाजवायची, आणि मी ठोंब्यासारखी आत बसलेली. कितीदा वाटलं, भेटून माफी मागावी. पण भेटायचं म्हणजे घंटा ऐकू यायला हवी ना!"

स्वतःच्या विनोदावर त्या हसल्या. त्याला काहीतरी बोलायचं होतं. "अहो, तसं काही नाही," एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

घर म्हणजे एक खोली आणि तिच्या कडेला स्वयंपाकाची जागा. मोरीवरच्या फळीखाली मीटर होतं. तिथवर जायला त्याला खोक्यांमधून वाट काढावी लागली. खोक्यांवर सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं. "बरोबर न्यायचं". "भाचीकडे". "देऊन टाकायचं". देऊन टाकायची खोकी सगळ्यात जास्त होती.

"कुठे निघालात?" त्याने विचारलं, आणि विचारल्याचा त्याला लगेच पश्चात्ताप झाला.

"वृद्धाश्रमात. चांगला आहे, भाचीने बघून ठेवलाय. रविवारी सकाळी येणारे ती गाडी घेऊन." बाई पेला विसळत म्हणाल्या. "मला नव्हतं जायचं. पण तिचंही बरोबर आहे. दाराची घंटा ज्या बाईला ऐकू येत नाही, तिने एकटीने राहायचं कसं? उद्या आग लागली, कुणी हाक मारली, तर? मी म्हटलं, अगं, मला सगळं ऐकू येतं. तिने ह्या काढून दाखवल्या."

ह्या म्हणजे चिठ्ठ्या. चौतीसच्या चौतीस, तारखेप्रमाणे लावून एका चिमट्यात अडकवलेल्या. बाईंनी त्या जपून ठेवल्या होत्या. त्या तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आणि कागद जपायची सवय अजून गेली नव्हती. इमारतीत त्यांना अजूनही टेलिफोनबाईच म्हणायचे.

"माझ्या कानांवर अख्खं गाव बोलायचं हो," त्या म्हणाल्या. "खरखरीतूनही आवाज ओळखायचे मी. आणि आता हे! डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, कान वयाच्या मानाने उत्तम आहेत. तर भाची म्हणाली, मावशी, मग तर जास्तच काळजीचं आहे. कान चांगले असून तू उठत नसशील, तर डोक्यातच काहीतरी होतंय. मग मी काय केलं, सहा महिन्यांपूर्वी दार उघडं ठेवून इथे खुर्ची टाकून बसायला लागले. तरीही चिठ्ठी! म्हणजे बसल्या बसल्या डुलकी लागत असणार मला. चौथ्या मजल्यावरच्यांना विचारलं, तर ते म्हणाले, मीटरवाला तर वेळेवर येऊन गेला. मग काय बोलणार? कचेरीचा कागद आहे. आम्हीही खात्यातली माणसं, कचेरीचा कागद उगाच निघत नाही हे मला कळतं."

बिनचूक मीटरसमोर उकिडवा बसला होता. गुडघा मुळीच दुखत नव्हता.

"एक विचारू? हसू नका," बाईंनी आवाज खाली आणला. "मला कधीकधी वाटायचं, कुणीतरी चौथ्या मजल्यापर्यंत येतंय, थांबतंय, आणि परत जातंय. अगदी स्पष्ट. भाचीला सांगितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मावशी, याला भास म्हणतात. त्याच दिवशी तिने आश्रमात नाव घातलं."

त्याने काच मीटरसमोर धरली. फोटो निघाला, आकडा बरोबर वाचला गेला, आणि पडद्यावर एक प्रश्न उमटला. मागच्या छत्तीस नोंदी, दार बंद. कारण निवडा. खाली तीन कारणं होती. मीटर नादुरुस्त. रहिवासी गैरहजर. मागील नोंदी चुकीच्या.

"काय विचारतंय ते?" बाई चष्मा सावरत वाकल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात त्याच्यासाठी पाण्याचा पेला होता.

"काही नाही," बिनचूक म्हणाला. "नेहमीचंच."

आणि त्याने "रहिवासी गैरहजर" वर बोट ठेवलं.

मग तो बाईंच्या हातचं पाणी प्यायला. सगळं प्यायला. पेला परत देताना त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. तीन वर्षांतल्या छत्तीस खोट्या नोंदी त्याने न बघितलेल्या माणसाबद्दल केल्या होत्या. ही सदतिसावी त्याने बाई शेजारी उभ्या असताना केली. खाली उतरताना त्याला कठडा सोडवेना.

संध्याकाळी त्याचं ताट तसंच राहिलं. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, समोर येऊन बसली. तेव्हा त्याने सगळं सांगितलं, भिंतीकडे बघत. ती रागावेल, समजूत घालेल, काहीतरी करेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त त्याच्या गुडघ्याकडे बघितलं.

"अहो, पण तुमचा गुडघा तर त्याच वर्षी बरा झाला होता," ती म्हणाली.

बस, इतकंच. नंतर ती ताट उचलून आत गेली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याची मान तिच्यासमोर अशी कधी खाली गेली नव्हती.

शुक्रवारचा दिवस त्याने रीडिंगं घेत काढला. घेतली कशी, ते काचेलाच ठाऊक. शनिवारी सगळे जमले. साहेबांनी विचारलं, "हं, बोला. घ्यायची की नाही?"

बिनचूकने खिशातून ते पाकीट काढलं. सगळ्यांनी माना पुढे केल्या.

"उन्हात पडदा दिसत नाही," त्याने वाचलं. "ओल्या बोटांनी चालत नाही. पडली तर फुटेल." त्याने पाकीट खाली ठेवलं. "तरी घ्या."

"का पण?"

सांगायची हीच वेळ होती. सगळे समोर होते. वादळ तर अर्धी उभीच राहिली होती. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "आकडा बरोबर येतो."

टाळ्या पडल्या. वादळने त्याचे दोन्ही हात धरून हलवले. साहेब म्हणाले, "बिनचूक माणसाला बिनचूक यंत्र आवडणारच!" आणि पुन्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्या थांबेपर्यंत उभं राहणं हे त्याच्या सव्वीस वर्षांतलं सगळ्यात जड काम होतं. खरं बोलायचं टाळून खरं मत देता येतं आणि वर शाबासकीही मिळते, हे त्याला त्या दिवशी कळलं. त्याला स्वतःची किळस आली.

सगळे पांगले तरी तो खुर्चीवरून हलला नाही. साहेबांनी वर बघितलं. मग त्याने सांगितलं. वाक्यं तुटत होती, पण सगळं सांगितलं, गुरुवारच्या त्या बोटासकट.

साहेब उठले, त्यांनी दार लोटून घेतलं. "अहो, दीड वर्ष राहिलंय तुमच्या निवृत्तीला. कशाला उकरून काढताय? काच आली की पुढचं आपोआप नीट होईल."

"रविवारी बाई चालल्यात, साहेब. माझ्या चिठ्ठ्यांमुळे."

साहेबांनी कपाटातून त्या इमारतीची फाइल काढली. तिच्यात दोन पत्रं निघाली, त्याच सुरेख अक्षरातली. "आपल्या कर्मचाऱ्यास माझ्यामुळे वारंवार त्रास होत आहे, याबद्दल दिलगीर आहे. ते साधारण किती वाजता येतात, हे कळवल्यास मी दारातच थांबेन." पत्रांवर पोचेचा शिक्का होता. उत्तर कुणी दिलं नव्हतं. साहेबांनी ती वाचली आणि त्यांचाही चेहरा उतरला.

"दुरुस्तीचं पत्र मुख्य कचेरीतून जातं," ते हळू म्हणाले. "पंधरा दिवस तरी लागतील. आणि तुम्हाला लेखी द्यावं लागेल. चौकशी होईल. टेबलावरही बसवतील."

"बसवू द्या. कागद द्या एक."

त्याने लिहिलं, "छत्तीस नोंदी खोट्या आहेत. दार बंद नव्हते. मी वर गेलोच नाही. सदतिसाव्या वेळी गेलो आणि तरीही खोटे लिहिले." खाली सही केली. काच त्याने साहेबांच्या टेबलावर ठेवली. वीट कपाटात होती. रिकाम्या कमरेने तो टपालकचेरीच्या मागच्या इमारतीकडे निघाला.

दार आज लोटलेलं होतं. त्याने कडीवर टकटक केली. बाईंनी लगेच दार उघडलं.

"तुम्ही? आज? काही राहिलं का?"

तो आत गेला नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्याने सांगितलं. बाई ऐकत राहिल्या. पहिल्यांदा त्यांना कळलंच नाही.

"म्हणजे घंटा वाजली नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही, बाई. मी वर आलोच नाही कधी."

"आणि ती पावलं? चौथ्या मजल्यावर थांबून परत जाणारी?"

"ती माझी."

बाईंनी खुर्चीची पाठ धरली. तो बोलणी खायला तयार होऊन उभा होता. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण बाई म्हणाल्या, "इथेच थांबा," आणि दार लावून घेतलं. बंद दारासमोर तो उभा राहिला. हेच आपल्या लायकीचं आहे, असं त्याला वाटलं.

"वाजवा घंटा!" आतून आवाज आला.

त्याने बटण दाबलं.

"आली ऐकू! थांबा, मी मोरीपाशी जाते. हं, वाजवा!"

त्याने दाबलं.

"आली! आता नळ सोडते. वाजवा!"

नळाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. त्याने घंटा वाजवली. "आली!" बाई ओरडल्या, आणि हा आवाज सत्तरीपुढच्या बाईचा नव्हता. चौथ्या मजल्यावरची दोन दारं उघडली आणि माणसं जिन्यातून वर बघायला लागली. बिनचूक घंटा वाजवत होता, आतून प्रत्येक वेळी "आली" येत होतं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते पुसायलाही त्याला हात उचलवेना.

दार उघडलं. बाईंच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी माझ्या कानांवर विश्वास ठेवला नाही. तुमच्या चिठ्ठीवर ठेवला."



बाई आत गेल्या. खोक्यांच्या मागून त्यांनी जुना टेलिफोन पुढे ओढला, नंबर फिरवला, आणि लांब वायरीचा रिसीव्हर त्याच्यासमोर धरला. "मी सांगितलं तर भाची म्हणेल, मावशीला पुन्हा भास झाला. तुम्ही सांगा."

त्याने रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून एक दमलेला, प्रेमळ आवाज आला. "मावशी? झाली का बांधाबांध? मावशी, ऐकू येतंय ना गं तुला?"

"मावशी नाही बोलत. मी मीटरवाला बोलतोय," तो म्हणाला. "दार उघडं होतं."

"कोण? नीट ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोला."

समोर बाई त्याच्याकडे बघत होत्या. खाली जिन्यात माणसं माना वर करून उभी होती. बिनचूकने डोळे मिटले आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा सांगितलं.

"दार उघडं होतं! मावशी घरातच होत्या. मीच वर आलो नाही!"